मेटवानचा यूएसजीएस नकाशा : घर नदीपासून किती उंच, आणि डोंगरमाथे सपाट का?

पायवाट

नकाशा वाचणाऱ्या जाणकारांची मदत हवी आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी यांच्या सीमेवरून टग फोर्क नदी वाहते, तिच्या काठचं मेटवान हे गाव. विल्यमसनला दवाखान्यात नोकरी लागली आहे आणि भाड्याने मिळण्यासारखी दोन घरं सापडली आहेत. एक मेट क्रीकच्या कडेला, रेड जॅकेटच्या अलीकडे. दुसरं नदीपलीकडे केंटकीत, ब्लॅकबेरी क्रीकला मिळणाऱ्या एका लहानशा घळीत. एप्रिल १९७७ च्या पुराबद्दल आणि फेब्रुवारी २०२५ च्या पुराबद्दल वाचलं आहे, त्यामुळे घर बघायला जाण्याआधी जागा नकाशावर नीट बघून घ्यायची आहे.

यूएसजीएसच्या (अमेरिकेचं भूशास्त्रीय सर्वेक्षण) टोपोव्ह्यू या ऑनलाइन नकाशासंग्रहावरून १:२४,००० च्या मेटवान पत्रकाच्या दोन आवृत्त्या उतरवल्या. एक जुन्या छापील पत्रकाचं स्कॅन, दुसरी अलीकडच्या यूएस टोपो मालिकेतली. सवय सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० ची, त्यामुळे तीन ठिकाणी अडलो आहे. समोच्च रेषांवरून घराची नदीपासूनची उंची काढता येते का? दोन्ही आवृत्त्यांचे जाळीचे आकडे घेतले तर एकच चर्च दोन ठिकाणी येतं, असं का? आणि जुन्या पत्रकावर जिथे निमुळती सोंड आहे तिथे उपग्रहचित्रात चक्क माळ दिसतो. यातलं खरं काय धरायचं?

सोंडवाला

आधी प्रमाण हातात बसू द्या. १:२४,००० म्हणजे कागदावरचा १ मिमी = जमिनीवर २४ मीटर, १ सेंमी = २४० मीटर. इंचात मोजलंत तर १ इंच = बरोबर २००० फूट, म्हणून अमेरिकनांना हे प्रमाण सोयीचं. पत्रक ७.५ मिनिटं बाय ७.५ मिनिटं. मेटवानच्या अक्षांशावर जमिनीवर साधारण ११ किमी रुंद, १३.९ किमी उंच. तुमच्या १५ मिनिटांच्या पत्रकाच्या जागेत अशी चार पत्रकं मावतात.

समोच्च रेषांमधलं अंतर तळाच्या समासात प्रमाणपट्टीखाली छापलेलं असतं. या पट्ट्यातल्या बहुतेक पत्रकांवर ते ४० फूट, काहींवर २०. शेजारचं पत्रक जोडताना ते पुन्हा वाचायचं, वरच्या पत्रकावर आहे तेच खालच्यावर असेल असं धरायचं नाही. दर पाचवी रेषा जाड, म्हणजे ४० च्या पत्रकावर जाड रेषा २०० फुटांनी येतात. दोन जाड रेषांमध्ये पट्टी ठेवून ५ मिमी आले, तर आडवं अंतर १२० मीटर आणि चढ ६१ मीटर. उतार ५० टक्क्यांच्या थोडा वर, कोनात २७ अंश. अशा उतारावर घर कोणी बांधत नाही, आणि पत्रकावर तसंच दिसेल: घरांचे काळे ठिपके सगळे तळाला.

टग फोर्कचं खोरं आपल्या कृष्णा-भीमेसारखं पसरट नाही. हे ॲपलाचियन पठार आहे, खडकाचे थर जवळपास आडवे, आणि नद्यांनी ते झाडाच्या फांद्यांसारखं कापून काढलं आहे. म्हणून पत्रकाचा जवळजवळ सगळा भाग हिरवा नि तपकिरी रेषांनी गच्च, आणि मधून नदीलगत एक अरुंद पांढरा पट्टा. त्याच पट्ट्यात नदी, रेल्वे, रस्ता, गाव, शाळा. मेटवान नेमकं मेट क्रीक टग फोर्कला मिळते त्या मुखाशी आहे. दोन बाजूंनी पाणी येणारी जागा, हे पत्रक उघडल्या उघडल्या लक्षात यायला हवं.

रेषा ओढा ओलांडताना इंग्रजी व्ही सारखी वळते, टोक नेहमी उगमाकडे. सोंडेवर उलट, टोक उताराकडे. दुसरं घर ज्या घळीत आहे तिथे हे व्ही लागोपाठ किती जवळ आहेत ते मोजा. एका व्ही पासून पुढच्या व्ही पर्यंत ओढ्याच्या वळणांनुसार दोरा ठेवून अंतर काढा. ४० फुटांची घसरण ८ मिमीत म्हणजे १९२ मीटरांत झाली, तर ओढ्याचा उतार ६ टक्क्यांहून जास्त. असा ओढा पाऊस थांबल्यावर लगेच उतरतो खरा, पण चढतोही तितक्याच झपाट्याने, आणि दगड, ओंडके सोबत आणतो.

चिन्हं: भरीव काळा चौकोन म्हणजे राहतं घर, पोकळ किंवा रेघांचा म्हणजे गोठा, कोठार वगैरे. चौकोनावर क्रूस म्हणजे चर्च, झेंडा म्हणजे शाळा. दफनभूमी बहुधा गावाच्या वर, सोंडेच्या खांद्यावर सापडेल. सपाट जागा इतकी थोडी की ती जिवंत माणसांनीच व्यापली आहे.

घराची उंची काढायची तर वरच्या आणि खालच्या रेषेतलं अंतर मोजा, घर त्यात कुठे पडतं ते बघा आणि प्रमाणात वाटून घ्या. घर ६८० आणि ७२० च्या बरोबर मध्ये असेल तर ७०० फूट.

ओढाकाठ

सोंडवाले यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत नाही. डोंगरउतारावर ते गणित चालतं. खोऱ्याच्या तळात नाही, आणि इथे प्रश्न तळाचाच आहे.

अमेरिकेच्या राष्ट्रीय नकाशा-अचूकता निकषानुसार तपासलेल्या बिंदूंपैकी ९० टक्के बिंदू समोच्च अंतराच्या निम्म्यात बसले की पत्रक पास. ४० फुटांच्या पत्रकावर ही सूट २० फुटांची झाली. शिवाय उरलेले १० टक्के. पुरात घर कोरडं राहणं न राहणं दोन-तीन फुटांवर ठरतं. ६८० आणि ७२० च्या मध्ये जमीन सरळ चढत जाते हे गृहीतही तळात खोटं ठरतं: नदीचा काठ, मग सपाटी, मग रेल्वेचा भराव, मग पुन्हा सपाटी, आणि एकदम डोंगराचा पायथा. या सगळ्या चढउतारातून एकही रेषा जात नसेल.

आडव्या अंतरातही तेच. निकष १/५० इंचाचा, म्हणजे या प्रमाणावर ४० फूट, साधारण १२ मीटर. अरुंद खोऱ्यात तर नकाशा काढणाऱ्यालाच नदी, रूळ आणि रस्ता एकमेकांवर चढू नयेत म्हणून चिन्हं थोडी बाजूला सरकवावी लागतात. ठिपका ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे एवढा भरवसा ठेवा, ओढ्यापासून किती मीटर याचा ठेवू नका.

छापील पत्रकावर उंचीसाठी विश्वासाच्या जागा दोनच. 'बीएम' लिहिलेल्या फुल्या, म्हणजे तलेक्षणाने (लेव्हलिंग) उंची ठरवलेले बिंदू. या खोऱ्यात ते रेल्वे आणि रस्त्यालगत सापडतील. आणि रस्ते मिळतात तिथे किंवा खिंडीत छापलेले सुटे आकडे, पण ते बीएमपेक्षा दुय्यम.

तुमच्या कामाला खरं लागतं ते लायडारचं, म्हणजे विमानातून लेझरने मोजलेलं, जमिनीच्या उंचीचं प्रारूप, दर १ मीटरच्या चौकोनाला एक उंची देणारं. यूएसजीएसच्या नॅशनल मॅपवर फुकट मिळतं, १० किमी बाय १० किमीच्या तुकड्यांत. मोकळ्या जमिनीवर त्याची उभी चूक १० सेंमीच्या आसपास असते. त्यावरून घराभोवतीची सगळ्यात खालची जमीन काढा. घराच्या मधली नाही, ओढ्याकडच्या कोपऱ्याची.

मग पुराची पातळी. फेमाच्या (अमेरिकेची आपत्ती-व्यवस्थापन संस्था) संकेतस्थळावर पत्ता टाका. क्षेत्र 'एई' असेल तर वर्षाला १ टक्का शक्यतेच्या पुराची पातळी फुटांत दिलेली असते, ती आणि तुमचा कोपरा यांची वजाबाकी करा. नुसतं 'ए' असेल तर पातळी काढलेलीच नाही. मेट क्रीकच्या घरासाठी वेस्ट व्हर्जिनिया फ्लड टूल आणखी सोपं, पण ते त्या राज्यापुरतं. ब्लॅकबेरी क्रीककडच्या घराला चालणार नाही.

एक चूक फार जण करतात: विल्यमसनच्या नदीमापकाचा पुराचा आकडा घेऊन मेटवानच्या नकाशावर तीच रेषा ओढतात. एकतर तो आकडा मापकाच्या शून्यापासूनचा असतो, समुद्रसपाटीपासूनचा नव्हे. मापकाच्या शून्याची उंची यूएसजीएसच्या पानावर असते, ती त्या आकड्यात मिळवायची. आणि ती मिळवल्यावरही पाणी तळ्यासारखं सपाट नसतं. मेटवान विल्यमसनच्या वरच्या अंगाला आहे, तिथे पाण्याची पातळी जास्त असणार. विल्यमसनची पातळी सरळ मागे नेलीत तर मेटवानची घरं कागदावर कोरडी दिसतील.

पायवाट

दोघांचेही आभार. लायडार उतरवलं, क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणक-प्रणालीत घेतलं. २ च्या अंतराने समोच्च रेषा काढायला सांगितल्या, पण फारच विरळ आल्या. मेट क्रीकच्या घराजवळून एकही जात नाही. कुठे बिघडतंय?

आणि मेटवानमध्ये पुराची भिंत बांधली आहे असं वाचलं, ती जुन्या पत्रकावर दिसत नाही.

ओढाकाठ

प्रारूपातली उंची मीटरमध्ये आहे, तुम्ही मागितल्या २ मीटरच्या रेषा. २ फुटांच्या हव्यात तर अंतराच्या रकान्यात ०.६०९६ टाका. किंवा आधी रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये सगळ्या उंचीला ३.२८०८४ ने गुणून फुटांचं प्रारूप करून घ्या, मग फेमाच्या आकड्यांशी थेट तुलना होईल. दुसरा मार्ग बरा, डोक्यात सतत रूपांतर करावं लागत नाही. १ मीटर प्रारूपावर रेषा दातेरी येतात. आधी हलकं गुळगुळीत करून घ्या, पण उंची वाचायची ती मूळ प्रारूपावरूनच.

भिंत १९७७ च्या पुरानंतर आर्मी कोअर ऑफ इंजिनियर्सनी बांधली, १९९० च्या दशकात. त्याआधी छापलेल्या पत्रकावर ती कशी असेल? लायडारमध्येही जपून. हे उघड्या जमिनीचं प्रारूप आहे, इमारती आणि पूल त्यातून काढून टाकलेले असतात. काँक्रीटची उभी भिंत एखाद्या पेशीच्या (प्रारूपाचा एक चौकोन) जाडीची उरते, किंवा तुटक, किंवा उरतच नाही. संगणकात पाणी भरून बघाल तर भिंतीतून आरपार जाईल. मातीचा भराव मात्र नीट दिसतो. आणि भराव दिसला म्हणजे त्याखालची मोरी दिसते असंही नाही. रेल्वेच्या भरावामागे प्रारूपात तळं साचेल, प्रत्यक्षात पाणी मोरीतून निघून जातं, निदान मोरी ओंडक्यांनी तुंबेपर्यंत.

तुमची दोन्ही घरं गावाच्या भिंतीबाहेर आहेत, तेव्हा भिंतीचा हिशेब धरूच नका.

जाळीरेषा

चर्च दोन ठिकाणी येण्याचं उत्तर थोडक्यात. जुनं पत्रक एनएडी २७ या आधारावर आहे, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायच्या १९२७ च्या चौकटीवर, नवं एनएडी ८३ वर. अक्षांश-रेखांशात फरक थोड्या मीटरांचा, पण यूटीएम या मीटरमधल्या चौरस जाळीच्या उत्तरेकडच्या आकड्यात या भागात सुमारे २०० मीटरांचा येतो. म्हणजे कागदावर ८ मिमीहून जास्त. जुन्या पत्रकावरून आकडे वाचून ते जीपीएसमध्ये तसेच टाकले की माणूस भलत्याच घळीत पोचतो.

जुन्या पत्रकाच्या कोपऱ्यांवर तुटक रेषांच्या फुल्या असतील तर त्या एनएडी ८३ ची जागा दाखवतात, किती मीटर सरकवायचं तेही समासात लिहिलेलं असतं. क्यूजीआयएसमध्ये हाताने जाळी बसवत असाल तर जुन्या पत्रकाला ईपीएसजी (आधार आणि जाळी ओळखायचा क्रमांक) २६७१७, नव्याला आणि लायडारला २६९१७. दोन्ही यूटीएम पट्टा १७ उत्तर. टोपोव्ह्यूवरून जिओटिफ (जागेची नोंद आत असलेलं चित्र) घेतलंत तर आधार आत नोंदलेला येतो, फक्त तो बदलू नका. जेपीजी घेतलंत तर सगळं हातानेच.

उंचीचा आधारही, म्हणजे उंची मोजायची शून्य पातळी, बदलला आहे, १९२९ चा होता तो १९८८ चा झाला. इथे फरक एक फुटाच्या आत. ४० फुटांच्या रेषांवर तो नगण्य, पण बीएमची उंची फेमाच्या पातळीशी ताडताना धरायला लागतो.

होकायंत्र वापरणार असाल तर जुन्या पत्रकावरचा चुंबकीय उत्तरेचा कोन वापरू नका. तो छापल्या वर्षाचा असतो, आता तिथे साधारण ७ ते ८ अंश पश्चिम आहे.

काळाथर

सपाट माळाबद्दल. जुनं पत्रक खोटं नाही, ते काढलं तेव्हा सोंड होती.

दक्षिण वेस्ट व्हर्जिनिया आणि पूर्व केंटकीत कोळशाचे थर जवळपास आडवे आहेत. त्यामुळे डोंगराच्या कडेने थर जिथे उघडा पडतो ती रेषा समोच्च रेषेला समांतर जाते. आधीच्या काळात त्या रेषेने डोंगर कापत नेला, उतारावर एक बाक तयार झाला, मागे उभा कडा. जुन्या पत्रकावर तो तपकिरी ठिपक्यांच्या पट्ट्यासारखा, सोंडेला वळसा घालत जाताना दिसेल, बहुधा 'स्ट्रिप माइन' असं लिहिलेलं. नंतर यंत्रं मोठी झाली, डोंगरमाथाच उतरवून थर काढायला लागले. वरचा दगडमातीचा ढीग शेजारच्या घळीच्या डोक्याशी ओततात. लायडारवरून काढलेल्या उतारांच्या छायांकित चित्रात ही भर ओळखायला सोपी: घळीच्या वरच्या टोकाला व्ही जाऊन सरळ आडव्या रेषा, एकाखाली एक पायऱ्या, आणि जुन्या पत्रकावरची निळी ओढ्याची रेघ त्या पायऱ्यांखाली गडप.

आता यातली मेख. जुन्या पत्रकावर जांभळा रंग दिसला तर तो हवाई छायाचित्रांवरून नंतर केलेल्या दुरुस्तीचा. रस्ते, घरं, खाणीची हद्द अशी दुरुस्ती व्हायची, पण समोच्च रेषा सहसा तशाच ठेवायचे. म्हणजे समासात दुरुस्तीचं वर्ष एक आणि डोंगराचा आकार त्याच्या कितीतरी आधीचा. तळाच्या डाव्या कोपऱ्यात हवाई छायाचित्रं कोणत्या वर्षीची, जागेवर तपासणी कोणत्या वर्षी हे वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचा. यूएस टोपो २००९ पासून निघायला लागले, पण सुरुवातीच्या पत्रकांवरच्या समोच्च रेषा ज्या उंचीच्या साठ्यातून काढल्या तो बऱ्याच ठिकाणी जुन्या पत्रकांवरूनच बनवलेला होता. वर नवं वर्ष, आत जुनाच डोंगर. यूएस टोपोवर एकेकटी घरंही नसतात, म्हणून वस्ती कशी पसरली होती हे बघायला जुनंच पत्रक लागतं. मी दोन्ही ठेवतो: घरं, जुन्या वाटा, दफनभूमी जुन्यावरून, आकार लायडारवरून.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच की दुसऱ्या घराच्या घळीच्या डोक्याशी अशी भर आहे का. असेल तर पाणलोट बदलला आहे, ओढ्यातला गाळही. शिवाय जुन्या पत्रकावर बोगद्याच्या तोंडाचं चिन्ह आणि नुसत्या फुलीचं चाचणी-खड्ड्याचं चिन्ह घराच्या वरच्या उतारावर शोधा. बंद बोगद्यात पाणी साठतं. घराला विहिरीचं पाणी असेल तर ते तपासून घ्या, खाणीच्या पाण्यात लोह आणि आम्लता दोन्ही सापडतात. खाणनकाशांची दप्तरं दोन्ही राज्यांनी ऑनलाइन ठेवली आहेत. आणि केंटकी तर सगळंच्या सगळं १:२४,००० वर भूशास्त्रीय नकाशांनी झाकलेलं आहे, ते काम १९६० ते १९७८ मध्ये झालं. त्यावर कोळशाच्या थरांच्या रेषा मिळतील.

पायवाट

फेमाच्या नकाशावर घळीतल्या घराभोवती काहीच रंग नाही. म्हणजे धोका नाही असं धरू का?

ओढाकाठ

धरू नका. साधारण एक चौरस मैलाहून कमी पाणलोट असलेले ओढे फेमा सहसा अभ्यासतच नाही. रंग नाही याचा अर्थ कोणी मोजलेलं नाही.

पाणलोट स्वतः काढा. पत्रकावर घराजवळच्या बिंदूपासून सुरू करून दोन्ही बाजूंच्या सोंडांचे माथे धरत वर जा, समोच्च रेषा काटकोनात ओलांडत, आणि घळीच्या डोक्याशी रेघ मिळवा. वर ट्रेसिंग कागद ठेवून सेंटिमीटरचे चौकोन मोजा. १ चौ. सेंमी म्हणजे ५.७६ हेक्टर. ४५ चौ. सेंमी झाले की एक चौरस मैल. हाताने नको असेल तर यूएसजीएसचं स्ट्रीमस्टॅट्स ओढ्यावर टिचकी मारली की पाणलोट काढून देतं, पुराच्या विसर्गाचा अंदाजही देतं. पण टिचकी निळ्या रेघेवरच पडली पाहिजे. एक पेशी बाजूला पडली तर अंगणाएवढा पाणलोट दाखवून मोकळं होतं. आणि घळीच्या डोक्याशी काळाथर म्हणतात तशी भर निघाली तर तो विसर्ग फार मनावर घेऊ नका, ती समीकरणं सरसकट ओढ्यांवरून बांधलेली असतात.

भाडेकरूलाही सरकारी योजनेतून सामानाचा पूरविमा घेता येतो, घर रंगाबाहेर असलं तरी. तो लागू व्हायला ३० दिवस लागतात, तेव्हा करार झाला की लगेच.

सोंडवाला

एक राहिलं. घराच्या उंचीबरोबर बाहेर पडायच्या रस्त्याची उंची बघा. अशा घळीतून रस्ता एकच असतो आणि तो ओढ्याच्या कडेने, ओढा दोन-तीनदा ओलांडत खाली येतो. लायडारवर रस्त्याच्या मध्यावरून लांबीच्या दिशेने छेद काढा, क्यूजीआयएसमध्ये प्रोफाइलची सोय आहे, आणि सगळ्यात खालचा बिंदू शोधा. पूल प्रारूपातून काढलेले असल्याने तिथे छेदात खड्डा दिसेल, तो मोजायचा नाही, पुलाच्या दोन्ही टोकांची उंची घ्यायची. घर ओढ्यापासून पंधरा फूट वर आणि पूल चार फूट वर असेल, तर रात्रपाळीला निघताना अडणार तो पुलाशी.

पायवाट

मेट क्रीकच्या घराचा कोपरा फेमाच्या पातळीच्या वर येतोय, पण थोडाच. घरमालकाकडे एलिव्हेशन सर्टिफिकेट (घराच्या मोजलेल्या उंचीचा दाखला) आहे का ते विचारतो. घळीतल्या रस्त्याचा छेद आज रात्री काढतो आणि आकडे इथे टाकतो.

ओढाकाठ

सर्टिफिकेटवर उंचीचा आधार कोणता लिहिलाय तेही बघा. १९२९ चा निघाला तर जाळीरेषा यांनी सांगितलेला फरक आधी वजा करून घ्या, 'थोडाच वर' मधला काही भाग त्यातच जाईल.